बेळगाव ते बागडोगरा विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

तुम्ही लिहिलंय, एका साइटवर १,८६० किलोमीटर आणि अडीच तास दाखवतंय, तेवढ्यात खरंच पोचतो का? बागडोगरा म्हणजे उत्तर बंगालातल्या सिलिगुडीजवळचा विमानतळ, आणि तुमचा मुलगा तिकडं पोस्टिंगला आहे म्हणून विचारताय. माझा धाकटा भाऊही त्याच भागात होता, म्हणून अनुभवाचं सांगतो.

अंतर बरोबर आहे. पण ते सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बागडोगऱ्यापर्यंत कावळा सरळ उडाला तर! अडीच तासही तसेच, अंतराला जेटच्या वेगानं भागून काढलेले. थेट विमान नाहीच, त्यामुळं त्या आकड्याचा आपल्याला उपयोग शून्य.

मधे कुठं उतरायचं, यावर सगळं आहे. नकाशावर दोरा ताणून बघा, हैदराबाद जवळजवळ त्या दोऱ्यावरच येतं. बेळगाव-हैदराबाद साधारण ४३५ आणि पुढं १,४६५, म्हणजे १,९०० किलोमीटर. वाट जेमतेम ४० किलोमीटरनं वाढली. दिल्लीवरून गेलात तर २,५६० होतात. बेंगळुरूची तर गंमतच आहे. इथून साडेचारशे किलोमीटर उडून तिथं उतरलात, तरी बागडोगरा बेळगावहून होतं तेवढंच लांब राहतं! डिसेंबर-जानेवारीत दिल्ली मी टाळतोच, तिथलं धुकं कुणाचं ऐकत नाही.

आता वेळ. मी आणि आई हैदराबादवरून गेलो होतो. पहिलं विमान एटीआर, पंख्याचं. ते जेटपेक्षा बरंच सावकाश जातं, त्यामुळं अंतर थोडं असूनही सव्वा तास गेला. पुढचं जेट, अडीच तासांच्या आत. हवेत पावणेचार तासच, पण मधला मुक्काम तीन तासांचा धरा. तुम्ही खानापूरहून निघणार, सांबऱ्याला दीड-दोन तास आधी पोचणार, म्हणजे घर सोडल्यापासून दहा तास सहज. तरी पूर्वी भाऊ गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली आणि तिथून न्यू जलपाईगुडी असा जायचा, त्यात रजेचे तीन दिवस गाडीतच संपायचे.

एक चूक मात्र करू नका. आम्ही हजारभर रुपये वाचवायला दोन विमानांची वेगवेगळी तिकिटं काढली होती. पहिलं पाऊण तास उशिरा निघालं. हैदराबादला बॅगा घ्या, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे राहा, आणि काउंटर तर बंद झालेला. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असतो तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीची जबाबदारी होती, बॅगाही थेट पुढं गेल्या असत्या. आम्हाला नवीन तिकीट काढावं लागलं, तेही दुसऱ्या दिवशीचं. रात्रभर खुर्चीवर बसलो. भावासाठी नेलेला कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आईनं पहाटे उघडला, शेजारी बसलेल्या दोघा जवानांनाही दिला. बागडोगऱ्याला पोचेपर्यंत अर्धाच उरला होता.

विमानांचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलतात, तेवढं तारीख टाकून बघा. आणि मुलगा गंगटोककडं असेल, तर बागडोगऱ्याहून पुढं तिस्ता नदीच्या काठानं चार-पाच तास गाडीचे आहेत. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा सिलिगुडीत एक रात्र हाताशी ठेवूनच परतीचं तिकीट काढा.