ती नोंद माझी नाही

प्रश्न : मागच्या महिन्यात तपासणीच्या वेळी पोलिसांनी माझ्या परवान्याचा नंबर मशीनमध्ये टाकला आणि म्हणाले, "मॅडम, हा दोन महिन्यांपासून निलंबित आहे." मला घरी एका ओळीचंही पत्र आलेलं नाही. परवाना कार्यालयात गेल्यावर कळलं, कुठल्यातरी गाडीचा दंड थकलाय म्हणून ही कारवाई. ती गाडी मी जन्मात पाहिलेली नाही. खिडकीतला माणूस म्हणतो, "सिस्टिमला दिसतंय, माझ्या हातात काही नाही." भाऊ म्हणतो, रक्कम किरकोळ आहे, भरून टाक आणि मोकळी हो. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मीच नेते. काय करू? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालवू नका. निलंबन चुकीचं असलं तरी ते मागे घेतलं जाईपर्यंत कागदावर जिवंत असतं. आज तुमच्या नावावर एक खोटी नोंद आहे. उद्या गाडी चालवताना पुन्हा सापडलात तर 'निलंबित परवान्यावर वाहन चालवले' ही दुसरी चढेल, आणि ती खरी असेल. त्यात कुठे घासलं-ठोकलं, तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्तच मिळेल. डायलिसिसच्या फेऱ्या तूर्त भावाकडे द्या. सल्ला देतोच आहे, तर स्टिअरिंगही धरू दे.

त्याचा तो सल्ला मात्र ऐकू नका. दंड भरला की ती गाडी तुमची आणि चूकही तुमची, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. शिवाय त्या अनोळखी माणसाचं खातं तुमच्या परवान्याला चिकटलेलं आहे ते चिकटलेलंच राहतं. तो पुढच्या महिन्यात पुन्हा सिग्नल तोडेल आणि पत्ता तुमचाच निघेल.

हे असं चिकटतं कसं, ते मला चांगलं माहीत आहे, कारण एकदा मीच चिकटवलं होतं. परवाना खात्यात नोंदींच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. दंडाच्या कागदावर परवाना क्रमांक अर्धवट लिहिलेला होता, म्हणून मी नावाने शोधलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. नाव तेच, आडनाव तेच, त्यातल्या दोघांची जन्मतारीखसुद्धा एकच. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. मी पहिली ओळ निवडली. चार महिन्यांनी एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. टेम्पो चालवून घर चालवणारे, तीन आठवडे बसून होते. माझ्याआधी त्यांनी पाच खिडक्यांवर भांडण केलं होतं. पाचही ठिकाणी चूक नव्हतीच, तिथे फक्त माझ्या चुकीची नक्कल दिसत होती.

म्हणून तुमचं पहिलं काम म्हणजे खिडकीवरच्या माणसाशी वाद न घालता त्याच्याकडून तीन गोष्टी काढून घेणं : निलंबनाच्या आदेशाचा क्रमांक, तारीख, आणि तो कोणाच्या कळवण्यावरून निघाला. परवाना कार्यालय बहुतेक वेळा स्वतःहून काही करत नाही. न्यायालय, वाहतूक पोलीस, दंडवसुली विभाग, विमा कंपनी, यांपैकी कुणीतरी कळवतं आणि इथे शिक्का पडतो. दुरुस्ती जिथून कळवलं गेलं तिथेच व्हावी लागते. आदेशाची आणि मूळ दंडाच्या कागदाची प्रत मागा. त्यावर गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ असते, कधी कधी फोटोही असतो. त्या वेळी तुम्ही वडिलांबरोबर रुग्णालयात होतात का, हेही पाहा. डायलिसिसच्या नोंदवहीत वेळ लिहिलेली असते. इतका सरळ पुरावा फार कमी लोकांच्या हाती असतो.

आता अर्ज. इथे शब्द जपून वापरा. 'माझ्यावर अन्याय झाला, मी निर्दोष आहे' असं लिहिलंत की कागद अपिलाच्या गठ्ठ्यात जातो आणि तारखा सुरू होतात. लिहायचं ते एवढंच : ही नोंद माझी नाही. खाली दोन रकाने. एकात तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, परवाना क्रमांक, तुमच्या गाडीचा नंबर. दुसऱ्यात दंडाच्या कागदावर जे आहे ते. फरक असेल तिथे अधोरेखित करा. टेबलावरच्या माणसाला तुमची कहाणी वाचायला वेळ नसतो, दोन रकाने मात्र तो अर्ध्या मिनिटात वाचतो. सोबत पुराव्याच्या प्रती, मूळ कागद नव्हे. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय जागचं हलू नका. अपिलाला मुदत असते, ती आदेशावर लिहिलेली असेल. ती संपत आली असेल तर अपीलही दाखल करून ठेवा. एक केलं म्हणून दुसरं अडत नाही.

पत्र न आल्याचा मुद्दाही स्वतंत्रपणे मांडा. ते कोणत्या पत्त्यावर गेलं, ते विचारा. 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचं प्रकरण आलं होतं. गावोगाव फिरणं हेच त्याचं काम, आणि परवाना जायची वेळ आलेली. न्यायालयाने म्हटलं, परवान्यावर माणसाचं पोट असू शकतं, तो काढून घेण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे.

सिस्टिम कशी बरोबर असते, याचा माझा आवडता दाखला आयर्लंडचा आहे. तिथल्या पोलिसांच्या दफ्तरात एका पोलिश चालकाच्या नावावर 50 हून जास्त नोंदी जमल्या होत्या, दर वेळी पत्ता निराळा. पठ्ठ्या हाती लागेना. 2007 मध्ये कुणीतरी नीट पाहिलं, तेव्हा कळलं की 'प्राव्हो याझ्दी' हे नाव नव्हेच. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'वाहन चालवण्याचा परवाना'. कार्डाच्या वर छापलेलं शीर्षकच प्रत्येकाने नाव म्हणून उतरवून घेतलं होतं!

चूक मान्य झाली की बहुतेक लोक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात, आणि खरी फसगत तिथेच होते. तुम्हाला मिळणाऱ्या पत्रात 'परवाना पूर्ववत करण्यात येत आहे' असं असेल तर ते परत करा. पूर्ववत म्हणजे मधले महिने तो खरोखर निलंबित होता, आता शिक्षा संपली. तो डाग इतिहासात राहतो, आणि विम्याचा हप्ता ठरवताना कुणीतरी तो उकरतो. तुम्हाला हवं आहे 'निलंबनाचा आदेश चुकीने निघाल्याने मूळ तारखेपासून रद्द'. यातला 'मूळ तारखेपासून' हा शब्द सोडू नका. परवाना पुन्हा सुरू करण्याचं शुल्क मागितलं तरी तेच सांगा : जे कधी बंदच व्हायला नको होतं, ते सुरू करण्याचे पैसे कसले?

रद्दचं पत्र मिळाल्यावर आठवडाभराने स्वतःच्या नोंदीचा उतारा काढून बघा. कार्यालयातली नोंद सुधारते, पण पोलिसांच्या मशीनमध्ये जुनीच असते, असं मी कितीदा पाहिलंय. त्या टेम्पोवाल्यांना माझ्या दुरुस्तीनंतर नऊ दिवसांनी पुन्हा अडवलं होतं. पत्राची प्रत त्यांनी सीटखाली ठेवली होती म्हणून सुटले. तुमची गाडीच्या कप्प्यात ठेवा, आणि एक भावाकडे.