प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे 'पुरोगामी' मेटल का?

विचारणा अशी आहे : प्रोग्रेसिव्ह मेटलला (मेटल म्हणजे रॉक संगीताचा जड, दणदणीत प्रकार) मराठीत 'पुरोगामी मेटल' म्हटलं तर चालेल का? आणि "अमुक बँड खरा प्रोग्रेसिव्ह नाहीच" असं चाहते तावातावाने म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं काय म्हणायचं असतं?

पहिल्याचं उत्तर : नको. मराठीत 'पुरोगामी' हे विशेषण विचारांना, माणसांना, चळवळींना लागतं. 'पुरोगामी बँड' म्हटलं की हे लोक समाजसुधारणेवर गाणी करत असतील असंच वाटणार. प्रत्यक्षात त्या गाण्यांत पूर्वजन्मीचे खून असतात, नाहीतर परग्रहावरचे जीव. 'प्रगत' म्हणावं तर बाकीचं सगळं मेटल उगाच मागासलेलं ठरतं. आणि 'प्रगतिशील' म्हटलं की मराठी कानाला पुढे 'शेतकरी' ऐकू येतो. तेव्हा प्रोग्रेसिव्ह तसाच राहू द्यावा. चाहते त्याचं 'प्रॉग' करतात, तेही सोयीचं आहे.

दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे. या शब्दाला दोन अर्थ चिकटले आहेत आणि बहुतेक भांडणं त्यांच्या सरमिसळीतून होतात. मुळात हे साधं विशेषण होतं. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅन केंटन आपल्या वाद्यवृंदाच्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह जॅझ' म्हणत होता. साठच्या दशकाच्या शेवटी ते रॉकला लागलं. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून पुढे जाऊ पाहणारं, एवढाच अर्थ. (कॉर्ड प्रोग्रेशनशी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या क्रमाशी, याचा संबंध नाही; ती समजूत अधूनमधून भेटते.) मग काही वर्षांतच विशेषणाचं विशेषनाम झालं. लांबलचक रचना, विषम मात्रा, मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित सूर वाजवणारं पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य), अल्बमभर एकच कथा, एवढं जमलं की झालं प्रॉग, मग ते पुढे जावो वा न जावो.

किंग क्रिमसन या रॉक बँडला हे फार लवकर कळलं असावं. १९६९च्या पहिल्या अल्बमने ज्या शैलीची पायाभरणी केली, तिचा मागमूसही १९८१च्या 'डिसिप्लिन'मध्ये नाही. मेलोट्रॉन गायब, आणि त्या जागी एकमेकींत गुंफलेल्या दोन गिटारी. शैली सोडली, विशेषण राखलं.

मेटलमध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. ऐंशीच्या दशकात क्वीन्सराइक आणि फेट्स वॉर्निंग या बँडनी जड रिफना (गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांना) लांब पल्ल्याची रचना दिली. १९९२ साली ड्रीम थिएटर या बँडचा 'इमेजेस अँड वर्ड्स' आला, आणि त्यानंतर प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे साधारण कसं वाजतं हे सगळ्यांना पाठ झालं. ड्रीम थिएटरचा यात दोष नाही. पण त्यांच्यासारखं वाजवणाऱ्या शेकडो बँडना आपण प्रोग्रेसिव्ह म्हणतो ते शैलीचं नाव म्हणून, गुणवर्णन म्हणून नव्हे. 'खरा' हा शब्द मध्ये आला की बोलणारा विशेषणाकडे वळलेला असतो.

मग विशेषण लावायचं कशाच्या आधारावर? मी एक काढून पाहण्याची कसोटी वापरतो. गाण्यातली अवघड गोष्ट काढली, सात मात्रांचं चार मात्रांत बसवलं, तर गाणं उरतं का? पुष्कळदा छान उरतं. म्हणजे तो सात नुसता दागिना होता. आता मेशुगा या मेटल बँडकडे पाहा. कागदावर त्यांचं बरंचसं संगीत साध्या चारातलंच आहे. ड्रमरचा हात झांजेवर ते चार सरळ मोजत असतो, पाय आणि गिटारी मात्र वेगळ्याच लांबीचा रिफ धरून असतात. समजा रिफ १७ मात्रांचा आणि आवर्तन १६चं. प्रत्येक फेरीत रिफ एक मात्रा पुढे सरकतो, आघात भलतीकडेच पडू लागतात, डोलणारी मान गोंधळते. आठ आवर्तनं म्हणजे १२८ मात्रा : रिफ सात वेळा पुरा होतो, आठव्यांदा नऊ मात्रांवर तोडला जातो आणि सगळे एकदम समेवर. हा रिफ १६चा केला तर गाणंच नाहीसं होतं. वेगवान बोटांचं प्रदर्शन इथे जवळजवळ नाही; म्हणूनच 'टेक्निकल' आणि 'प्रोग्रेसिव्ह' हे समानार्थी धरू नयेत.

विशेषणाचा आणखी एक वापर आहे, तो एका गाण्याबद्दल नसून बँडच्या वाटचालीबद्दल असतो. व्हॉइव्हॉड १९८४ला धसमुसळा थ्रॅश (मेटलचा वेगवान प्रकार) वाजवत होता. १९८९च्या 'नथिंगफेस'वर तेच लोक विचित्र, कर्कश कॉर्डमधून चक्क सुरेल गाणी काढत होते. १९९३ला सिनिकने 'फोकस'मध्ये डेथ मेटलशेजारी (गुरगुरत्या आवाजातलं मेटल) जॅझ आणि व्होकोडरमधून आलेला यांत्रिक आवाज आणून बसवला. या दोघांना प्रोग्रेसिव्ह म्हणताना कुणाची नक्कल केली हे सांगावं लागत नाही.

सगळ्यात अडचणीचं उदाहरण ओपेथ या मेटल बँडचं. २०११च्या 'हेरिटेज'मध्ये त्यांनी गुरगुरता आवाज सोडला आणि सत्तरच्या दशकातल्या रॉकचा बाज घेतला. शैलीचं नाव म्हणून पाहिलं तर हा त्यांचा तोवरचा सर्वांत प्रॉग अल्बम म्हणता येईल. विशेषण म्हणून? बँडच्या दृष्टीने धाडसी पाऊल होतं, हुकमी श्रोता दुखावण्याची जोखीम घेतली होती. संगीताच्या दृष्टीने मात्र चाळीस वर्षं मागे जाणं होतं. मला तो अल्बम आवडतो, तरी त्याला मी प्रॉग म्हणेन, प्रोग्रेसिव्ह म्हणताना अडखळेन. लिहितानाही हाच फरक पाळता येईल : शैली सांगायची तर 'प्रॉग मेटल', आणि बँडने खरोखर काही नवं केलं असेल तर 'प्रोग्रेसिव्ह' लिहून न थांबता काय केलं ते पुढच्या वाक्यात सांगावं.