कूलरचा करंट, रात्रीची मोटर आणि तापलेला फोन

अमळनेरला माझं घरगुती उपकरणं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. या वेळची बहुतेक पत्रं उन्हाळ्याची आहेत. त्यातलं पहिलं सगळ्यात आधी घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

प्रश्न : ताई, आमच्या लोखंडी कूलरला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. फरशी ओली असली तर जास्तच. ओळखीच्या वायरमनने पिन उलटी करून लावायला सांगितली. तसं केल्यावर कमी झालंय. आता चालेल ना? घरात लहान पोरं आहेत.
— एक गृहिणी, देवपूर, धुळे

उत्तर : नाही, चालणार नाही. हे वाचून होईपर्यंतसुद्धा कूलर चालू ठेवू नका. उठा आणि पिन काढा. बटण बंद करून भागणार नाही, पिनच बोर्डातून बाहेर काढा.

पिन उलटी केल्याने दोष गेलेला नाही, फक्त कमी जाणवतोय. बहुतेक वेळा होतं असं, की पाण्यात बुडालेल्या छोट्या पंपाच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं, किंवा पंख्याच्या मोटरच्या जोडावर पाणी उडून तो ओला होतो. तिथून करंट पाण्यात आणि पाण्यातून पत्र्यात उतरतो. दोन पिनांची वायर उलटी लावली की फेज दोषाच्या जागेपासून लांब जातो, म्हणून झिणझिण्या कमी होतात. पण आता कूलरवरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. म्हणजे तुम्ही बटण बंद करून पाणी भरायला वाकाल, तेव्हा मोटरपर्यंत फेज तसाच आलेला असेल. आधीपेक्षा हे वाईट आहे.

तुम्ही म्हणाल, बोर्डात एमसीबी आहे, ती पडेल की. नाही पडणार. एमसीबी काही अँपिअरचा भार ओळखते. माणसाचा जीव जायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो. एमसीबीला तो दिसतही नाही. तो ओळखायला आरसीसीबी लागते, ३० मिलीअँपिअरची. फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, हे ती सतत मोजते. मधला करंट कुठे पत्र्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, तर क्षणाचा अंश होण्याआधी लाईट तोडते. खान्देशात घर बांधताना लोक टाइल्सवर, पीओपीवर हात सैल सोडतात आणि मेन बोर्डात ही एक वस्तू बसवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. बसवल्यावर तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, ती खट्‌कन पडली पाहिजे. घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनला आधीच सांगा. इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असला की आरसीसीबी उगाच पडत राहते. मग कंटाळून कोणीतरी ती काढूनच टाकतं. न्यूट्रल वेगळे करून घ्या, ती काढू नका.

दुसरं अर्थिंग. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते. वायरमनला फेज आणि त्या भोकात टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा, दिवा पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. तुम्ही स्वतः हे करू नका. आरसीसीबी बसलेली असेल तर या तपासणीने ती पडेल, म्हणून ही तपासणी आधी करून घ्या. निऑनच्या टेस्टरवर भरवसा नको, तो कधी उगाच लागतो, कधी लागतच नाही. अर्थिंगचा खड्डा असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही. ज्या दिवसांत कूलर लागतो, नेमकं त्याच दिवसांत अर्थिंग कमजोर पडतं. त्या खड्ड्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी घालत जा.

पंप नवीन टाका. तो दुरुस्त करायची वस्तू नाही. कूलरची वायर तीन तारांचीच घ्या, हिरवी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेली हवी. आणि पाणी भरताना पिन बाहेर, हा नियम पोरांनाही पाठ करून द्या. प्लास्टिकच्या कूलरलाही तो लागू आहे, पाणी तर त्यातही आहेच.

प्रश्न : माझी केळी आहे. शेत घरापासून लांब. लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते. डोंगराकडून बिबट्या येतो, म्हणून रात्री मोटर लावायला जायची भीती वाटते. मोबाईल स्टार्टर घ्यावा का? सिम कोणतं टाकावं?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, घ्या. बिबट्या आहे, साप आहे, अंधारात ओल्या बांधावरून स्टार्टरपर्यंत जाणं आहे. त्यापेक्षा घरून फोन लावलेला शंभरदा बरा. फक्त तो डबा काय करतो ते समजून घ्या. तो तुमच्या स्टार्टरची हिरवी-लाल बटणं लांबून दाबतो, एवढंच. मोटर वाचवायचं काम ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर करतात. त्या दोन गोष्टी धड नसतील तर आधी पैसे तिकडे घाला. एक फेज गेला आणि मोटर दोनवर घुमत राहिली, तर जळायला वेळ लागत नाही.

सिमचं म्हणाल, तर दुकानदाराला डबा टूजी आहे की फोरजी, हे विचारा. बाजारात अजून टूजीवरचे डबे विकले जातात, आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही. त्यात ते सिम बसेल, पण मोटर ऐकणार नाही. सिम विकत घेण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला फोन विहिरीवर न्या आणि स्टार्टरची पेटी आहे तिथे, त्याच उंचीवर धरून कॉल लागतो का पाहा. बांधावर लागला म्हणून पेटीत लागेल असं नाही. अँटेना लोखंडी पेटीच्या आत ठेवू नका, तारेने बाहेर काढा. आणि त्या सिमच्या रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. ‘मशीन बिघडलं’ म्हणून दुकानात आणलेल्या डब्यांत नुसती सिमची मुदत संपलेली असते, हे मी नेहमी पाहते. ठरावीक नंबरांवरूनच चालेल अशी सेटिंग करून घ्या, नाहीतर कोणाचाही चुकून आलेला कॉल मोटर सुरू करेल.

उन्हाळ्यात विहीर उपसली की मोटर कोरडी फिरते. ड्राय रनचं संरक्षण असलेला डबा घ्या. पाणी संपलं की मोटरचे अँपिअर उतरतात, ते पाहून तो बंद करतो. पण ही मर्यादा तुमच्या मोटरवर, भर पाण्यात अँपिअर मोजून लावावी लागते. बसवणाऱ्याने ते केलंय का, हे समोर उभं राहून बघा.

ऑटो मोड मात्र लावू नका, ही माझी हात जोडून विनंती. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, हे ऐकायला छान वाटतं. पण थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर फ्यूज उडतात, डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांची केळी उन्हात. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा म्हणून सांगतं, ते याचसाठी. ऑटो लागतच असेल तर डीपीवरचे सगळे बसून ठरवा आणि प्रत्येकाने सुरू होण्याचा वेळ पुढे-मागे लावा. बहुतेक डब्यांत तशी सोय असते.

शेवटचं, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. मोबाईल स्टार्टर असलेल्या विहिरीवर दुरुस्तीला माणूस गेला, तर घरचं कोणी फोन लावून मोटर सुरू करू शकतं. त्याचा हात तेव्हा तारांत असेल. म्हणून काम सुरू करण्याआधी मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून त्याच माणसाच्या खिशात. पेटीजवळ कोणाच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत.

प्रश्न : मी अमळनेर ते जळगाव अप-डाऊन करते. गाडी कुठे आली हे दाखवणारं ॲप नेट गेलं की थांबतं. पास मोबाईलवर काढला तर चालतो का?
— शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप मोबाईल टॉवरवरूनही जागा ओळखतं, त्याला नेट लागत नाही. सेटिंगमध्ये सेल टॉवर निवडा. पण हे तुम्ही गाडीत बसलेल्या असाल तरच. फलाटावर उभं राहून येणारी गाडी पाहायची तर नेट हवंच. पास रेल्वेवन ॲपवर निघतो. तिकीट किंवा पास घरूनच काढा, रुळांच्या अगदी जवळ लोकेशन आडवं येतं. तपासणीसाला ॲपमधला पासच दाखवा, स्क्रीनशॉट चालत नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. दुपारी पाड्यांवर फिरताना फोन इतका तापतो की ‘थंड होऊ द्या’ असं दाखवून बंदच पडतो. चार्जिंगही घेत नाही. फोन खराब आहे का?
— चोपडा तालुका

उत्तर : ताई, फोन खराब नाही, स्वतःला वाचवतोय. कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा धरून फोन बनवतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. लिथियम बॅटरीला भरलेली असताना मिळणारी उष्णता सगळ्यात जास्त जाचते. म्हणून सकाळी निघताना शंभर टक्के भरायचा हट्ट सोडा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उन्हाळ्यापुरती चालू करा, आणि कमी पडलं तर सावलीत बसून पॉवर बँकेने भरा.

सातपुड्याच्या पायथ्याला तापण्याचं आणखी एक कारण आहे. रेंज नसली की फोन टॉवर शोधत जास्त ताकद लावत राहतो. ज्या पाड्यावर रेंज नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथे शिरतानाच एअरप्लेन मोड लावा. तुमच्या ॲपमध्ये ऑफलाइन माहिती भरून ठेवायची सोय असेल तर तिथे भरा, गावात आल्यावर पाठवा. उन्हात स्क्रीनचा उजेड पूर्ण असतो, त्यानेही फोन तापतो. फॉर्म ओट्यावर, झाडाखाली बसून भरा. जाड कव्हर दुपारपुरतं काढा. फोन आणि पॉवर बँक स्कुटीच्या डिकीत ठेवू नका, उन्हातली डिकी भट्टीसारखी तापते. तापलेला फोन फ्रीजमध्ये किंवा माठाखालच्या ओल्या फडक्यात ठेवतात, तेही नको. आत दव धरतं. सावलीत, वाऱ्याला ठेवला की पुरे.

मागचं झाकण उचललेलं किंवा स्क्रीन फुगून वर आलेली दिसली, तर मात्र तो फोन चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका, तसाच दुरुस्तीला न्या. तुमच्यासारख्या बायकांचं दिवसाचं काम या एका फोनवर चालतं. तो उन्हात कसा टिकेल हे फोन देतानाच शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आरटीओ चलनाची फाइल आली. माझ्याकडून ती उघडली गेली, नंतर फोन विचित्र वागतोय. पैसे अजून गेलेले नाहीत. काय करू?
— निवृत्त कर्मचारी, शिंदखेडा

उत्तर : जिभाऊ, तुमचं पत्र येताच फोनवर बोलणं झालंच आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. ज्या फाइलच्या नावाशेवटी एपीके असतं ती पावती नसते, ते ॲप असतं. ते बसलं की तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. चलन असो, लग्नपत्रिका असो, किसान योजनेची यादी असो, एपीके उघडायचंच नाही.

उघडलं गेलं तर लगेच एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कॉल करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जितका लवकर कॉल, तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, नेटवर्क परत सुरू केलं की ##००२# डायल करून ते रद्द करा. फोनमधले फोटो दुसरीकडे काढून ठेवा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढून समाधान मानू नका, ही ॲप्स लपून बसतात. खरं चलन आहे का हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं. घरच्यांपासून हे लपवू नका, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मेंढ्या चारताना वीज पडायची भीती असते. दामिनी ॲप खरं सांगतं का? फोन जवळ असला की वीज ओढली जाते म्हणतात.
— साक्री तालुका

उत्तर : आबा, फोन वीज ओढत नाही. उंच झाड आणि उघड्या माळावरचा उभा माणूस यांच्यावर ती पडते. दामिनी पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलंय. तुमच्या आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते सावध करतं. त्यासाठी लोकेशन चालू आणि नेट हवं, आणि माळावर नेट जाईल हे धरूनच चाला. गडगडाट ऐकू आला की ॲप काहीही सांगो, निघा. पक्कं घर गाठता आलं नाही तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मेंढ्या झाडाखाली गोळा होऊ देऊ नका, आधीच उतारावर हाका.