अठराच्या आधी माद्रिद का नाही?

प्रश्न: माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, रोज सकाळी शाहू स्टेडियमवर खेळतो आणि ब्राझीलचा फुटबॉलपटू एंड्रिकचा वेडा फॅन आहे. स्पेनच्या रियाल माद्रिद क्लबनं एंड्रिकला २०२२ मध्येच घेतलं म्हणतात, मग तो २०२४ पर्यंत ब्राझीलमध्येच कसा काय होता?
— एक मामा, सातारा

उत्तर: मामा, कारण फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम. दुसऱ्या देशात ट्रान्सफर व्हायला साधारणपणे अठरा पूर्ण लागतात, अपवाद आहेत पण थोडेच. एंड्रिकचा जन्म २१ जुलै २००६ चा, डील डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं तेव्हा पोरगा सोळाचा, त्यामुळे तो पाल्मेरास ह्या आपल्या ब्राझीलमधल्या क्लबकडंच खेळत राहिला आणि मला विचाराल तर ते फार बरं झालं. कारण १ नोव्हेंबर २०२३ ची बोटाफोगोविरुद्धची मॅच! हाफटाइमला पाल्मेरास ०-३ नी मागं, तिथून ह्यानं दोन गोल मारले आणि टीम ४-३ नी जिंकली, पुढं लीगही त्यांनीच मारली. भाच्याला ती मॅच दाखवाच. मार्च २०२४ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध ब्राझील १-० जिंकलं तो गोलही ह्याचाच, सतराव्या वर्षी.

आणि हो, ह्याचे वडील पोराच्या खेळाचे व्हिडिओ नेटवर टाकायचे, क्लबमध्ये साफसफाईचं काम करायचे, हे वाचलं की माझ्या तर डोळ्यात पाणी येतं. भाच्याला सकाळी ग्राउंडवर सोडायला तुम्हीच जाता का? जात असाल तर जात रहा.