रक्त गोठत नाही, साकळतं

लालबागहून एका ताईंनी विचारलंय: "सासऱ्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना 'रक्त पातळ करायची गोळी' सुरू झाली. रक्त गोठू नये म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांचं रक्त आधी घट्ट झालं होतं का? आणि या गोळीला मराठीत काय म्हणावं?"

घट्ट झालं नव्हतं. आणि गोळीने ते पातळही होणार नाही. 'रक्त पातळ करणे' हा प्रयोग परळच्या ओपीडीत ऐकतो, दादरच्या औषधांच्या दुकानात ऐकतो, आणि दर वेळी संताप होतो, कारण हा शब्द माणसाचं नुकसान करतो. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी मे महिन्यात परस्पर गोळी थांबवली. का, तर "पाणी भरपूर पितोय, रक्त आपोआप पातळ राहतं." शब्दच तसा दिला तर माणूस तसाच विचार करणार. आमटी पातळ होते ती पाणी ओतल्यावर. या गोळ्या रक्तात पाणी ओतत नाहीत. त्यांतली वॉरफरिन ही गोळी घेतली, तर ती के जीवनसत्त्वाला पुन्हा पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे रक्तस्राव थांबवणारी काही प्रथिनं यकृतात अर्धवटच तयार होतात. (जीवनसत्त्वांत ई नंतर एकदम के का, तर डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांनी 'कोआग्युलेशन', म्हणजे रक्त साकळणं, या शब्दाचं त्यांच्या भाषेतलं पहिलं अक्षर उचललं.) मेथी-पालकात हे जीवनसत्त्व भरपूर, म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने आज जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं करू नये. ॲस्पिरिनचं काम निराळं, ते प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या चिमुकल्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही. दोन्हींत रक्ताचा दाटपणा होता तसाच राहतो.

आता 'गोठणे'. मराठीत दाट होण्याची क्रियापदं किती नेमकी आहेत बघा. दूध आटतं, रस्सा आळतो, तूप थिजतं, दही लागतं, पाणी गोठतं. गोठणं हे थंडीचं काम आहे आणि ऊब दिली की ते उलटतं. जखमेवरचं रक्त थंडीने घट्ट होत नाही आणि शेकलं म्हणून पुन्हा वाहू लागत नाही. भीतीने रक्त गोठलं म्हणा, तो अलंकार आहे. पण रक्तपेढीत प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्तातला द्रव, खरोखर गोठवून ठेवतात, उणे 18 अंशांच्याही खाली, आणि रक्तस्राव थांबत नसलेल्या रुग्णाला तो वितळवून देतात. 'रक्त गोठावं म्हणून गोठवलेला प्लाझ्मा वितळवून दिला' हे वाक्य कोणाला कळणार?

रक्त साकळतं. हा शब्द कुठून शोधून आणायला नको. लोकलच्या दारात बोट चेमटलं की नखाखाली रक्त 'साकळलंय' असंच आई म्हणते. तिथे कोणी 'गोठलंय' म्हणत नाही, आणि परिभाषेच्या पुस्तकांतलं 'क्लथन' तर कोणाच्याच तोंडी नाही.

आणि हा शब्द आला कुठून, हे सांगायला मी आतुर आहे. माझे एक प्राध्यापक स्नेही ठासून सांगतात की तो 'शृंखला'पासून आला, साखळीचा भाऊ. काही पुस्तकांत 'साखळणे' असं छापतातही. मला हे साफ अमान्य आहे. 'शृंखला'तला ख मराठीने टाकला नाही, साखळीत तो जसाच्या तसा आहे. मग याच एका क्रियापदात त्याचा क कशाने झाला? सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातले तंतू साखळीसारखे गुंफलेले दिसतात, असंही ते सांगतात. पण हा शब्द रुळवणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक कुठे पाहिला होता? 'साखळणे' हे साखळीच्या ओढीने बिघडलेलं रूप आहे.

माझ्या मते मूळ आहे 'संकलन'. संस्कृतातला 'सं' मराठीत 'सां' होतो आणि पुष्कळदा त्याचा अनुस्वारही गळतो: संध्येची सांज झाली, संकटाचं साकडं झालं, संक्रमाचा कोकणात ओढ्यावरचा साकव झाला. ल चा ळ होतो, कमलचं कमळ, फलाचं फळ. दोन्ही नियम लावा: संकल, सांकळ, साकळ. एकही अक्षर ओढूनताणून बसवावं लागत नाही. आणि अर्थ? संकलन म्हणजे विखुरलेलं एकत्र आणणं. रक्तवाहिनी फाटली की आधी प्लेटलेट तिथे गोळा होतात. मग थ्रॉम्बिन नावाचं विकर तयार होतं आणि रक्तात सुटं विरघळलेलं फायब्रिनोजेन हे प्रथिन कापतं. त्या तुकड्यांचे तंतू जुळतात, तंतूंचं जाळं होतं आणि त्यात तांबड्या पेशी अडकतात. हे गोळा होणंच आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत! चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आपण 'संकलन' वाचतो ना, तोच शब्द नखाखालच्या काळ्या डागात आहे. हे सुचलं त्या दिवशी मला दुसरं काही वाचवलं नाही.

हो, ताईंचा प्रश्न. सासऱ्यांची गोळी ही 'रक्त साकळू न देणारी गोळी'. ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, तिथे साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. त्यासाठी ती दिलेली आहे. एकच शब्द हवा तर 'साकळरोधक' म्हणा. त्यांना समजावताना मात्र नखाचं उदाहरण द्या आणि 'पातळ' हा शब्द घरात कोणालाही वापरू देऊ नका.