जाताना साडेनऊ तास, येताना पावणेनऊ

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे लंडनला चाललेय, पहिल्यांदाच आणि एकटी. तिकिटावर मुंबईहून दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ६ ला पोहोचणार असं आहे. म्हणजे पाचच तास? परतीला मात्र रात्री ९ ला निघून सकाळी सव्वादहाला मुंबई. अंतर तर तेच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. तिथले संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. म्हणजे जाताना साडेनऊ तास आणि येताना पावणेनऊ.

हा पाऊण तास वाऱ्याचा. विमानांचे मार्ग आखण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबई-लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरा आणि वारा सरासरी ६० चा. जाताना तो समोरून येतो, वेग उरतो ८४०, म्हणजे आठ तास चौतीस मिनिटं. येताना पाठीशी असतो, वेग होतो ९६०, साडेसात तास. शिवाय तिकिटावरचा वेळ चाकाखालची उटी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्यासाठी आभाळात घातलेल्या घिरट्या, सगळं त्यातच.

आता हे ७,२०० कुठून मोजायचे? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर मध्यबिंदू सीरियाच्या आसपास येतो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणलात तर तो जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळून जातो. दोरा खरा. नव्या मुलांना शिकवताना मी आधी दोराच हातात द्यायचो, कोष्टकं नंतर. पण त्या दोऱ्यावरून आज सरळ जाता येत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. म्हणून वळसे पडतात, आणि कंपनी बदलली की वेळही बदलते. वारा फार समोरून असेल तेव्हा आम्ही मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचो, कारण तोच लवकर पोहोचवायचा.

तुम्ही सूर्याच्या मागे मागे जाणार, त्यामुळे वाटेत रात्र होणारच नाही. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका. जेवण आणि झोप शरीर सांगलीच्या वेळेनंच मागणार. मुलीला मात्र ६ ऐवजी ७ नंतर यायला सांगा. पासपोर्टची रांग आणि सामान यांत तास सहज जातो. तुम्ही बाहेर पडाल तेव्हा इथे मध्यरात्र झालेली असेल, आणि तिच्या दारात पोहोचेपर्यंत तिथला उजेड मावळलेला नसेल.