विकायला किती दिवस लागतील?

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एक ब्रोकर मार्जिन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे त्याच्या उसन्या पैशावर शेअर घ्यायला, तुझ्या पैशाच्या चौपट माल द्यायला तयार आहे, दुसरा म्हणतो एवढ्या मोठ्या खात्याला दुपटीच्या वर नाही, आणि तुला त्यात अपमान वाटतोय. खातं मोठं तर लिमिट कमी कसं, हा तुझा प्रश्न. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुला घरात शिकवलेलंच आहे, ते मी लिहीत बसत नाही. पण ज्यानं नाही म्हटलं, तो ब्रोकर शहाणा आहे.

त्याला नियमाचीही अडचण असते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे मार्जिन ट्रेडिंगसाठी ब्रोकरची जी एकूण मर्यादा ठरते, तिच्या १० टक्क्यांहून जास्त एकाच ग्राहकाला देता येत नाही. लहान खात्याला ही भिंत दिसतच नाही. तरी नियम सोड. खरी गोष्ट एवढीच, की तुझे शेअर विकायची वेळ आली तर विकायला किती दिवस लागतील?

कागद घे. तुझे १२ कोटी, चौपट म्हणजे ४८ कोटींचा माल, ३६ कोटी ब्रोकरचे. भाव १० टक्के पडला. माल राहिला ४३.२० कोटींचा, कर्ज तेवढंच, तुझे उरले ७.२० कोटी. मार्जिन, म्हणजे मालात तुझा स्वतःचा वाटा, २५ टक्के धरलं तर हवेत १०.८० कोटी. नवे पैसे आणता येत नसतील, तर १४.४० कोटींचा माल विकल्याशिवाय हिशेब जुळत नाही. भाव एक दशांश पडला आणि एक तृतीयांश माल गेला! आता तुझ्या त्या लाडक्या मिडकॅपची, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपनीच्या शेअरची, रोजची उलाढाल वीसेक कोटी असेल, तर तुझे चौदा कोटी घेणार कोण? तुझ्याच विक्रीनं भाव आणखी खाली, की पुन्हा मार्जिन कॉल, म्हणजे ब्रोकरची आणखी पैशांची मागणी. त्यात तो शेअर फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, नसला आणि खालचं सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव पडायची मर्यादा, लागलं, तर संपलंच. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एक नाही. माल डिमॅटमध्ये दिसतो, हलत नाही. व्याज मात्र चढत राहतं. दोन लाखांचं खातं असतं तर सव्वानऊला एका ऑर्डरीत मोकळी झाली असतीस.

निफ्टीत हा त्रास नाही, म्हणशील. तिथे घेणारा मिळतो, मान्य. पण ४ जून २०२४ला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. पाचपट पोझिशन असलेल्याचं तीस टक्के भांडवल एका दिवसात गेलं, आणि अशा दिवशी मार्जिनही वाढतं. तारण ठेवलेले शेअरही त्याच दिवशी पडलेले असतात.

तीन ब्रोकरांकडे खाती उघडून लिमिट वाढवायची कल्पना वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला. अगं, हेच तर अमेरिकेतल्या आर्केगॉस या गुंतवणूक कंपनीच्या बिल ह्वांगनं केलं. थोड्याच शेअरांवर अनेक बँकांकडून स्वॅप, म्हणजे शेअर स्वतःच्या नावावर न घेता त्यांच्या भावाच्या चढउताराचे सौदे, घेतले, प्रत्येक बँकेला फक्त आपला वाटा दिसत होता. मार्च २०२१मध्ये त्यातल्याच व्हायकॉमसीबीएस कंपनीनं नवे शेअर विकायला काढले, भाव घसरला आणि सगळ्या बँकांना तोच माल एकाच आठवड्यात विकायचा होता. आधी विकणारे थोडक्यात सुटले, क्रेडिट स्विसला साडेपाच अब्ज डॉलरचा फटका बसला. ह्वांगला पुढे फसवणुकीबद्दल १८ वर्षांची शिक्षा झाली. तू कुणाला फसवणार नाहीस, ठाऊक आहे मला. पण खाती तीन केलीस तरी शेअर तोच आणि बाजार तोच. विकायला किती दिवस लागतील, याचं उत्तर बदलत नाही.

मी सब-ब्रोकर असताना माझं सगळ्यात मोठं खातं असंच गेलं. मी लिमिट दिलं नाही, शेजारच्यानं दिलं. बाजारात मला भित्रा म्हणायचे. म्हणोत. ते गृहस्थ पुढे तिथे अडकले, राहतं घर विकलं, आणि राग धरला तो माझ्यावर! दर गणपतीला त्यांच्याकडे जायचो, ते बंद झालं. त्याची रुखरुख आहे, पण लिमिट मी आजही दिलं नसतं. बाजारात उधारीचे सौदे पुढे ढकलायची ती जुनी बदला पद्धत होती, तेव्हापासून बघतोय, उधारीच्या मालाला गिऱ्हाईक आपण ठरवू तेव्हा येत नाही.

तर आता एवढं कर. प्रत्येक शेअरची तीन महिन्यांची सरासरी उलाढाल काढ, रोज त्याच्या एक दशांशच विकता येईल असं धर आणि दिवस मोज. पाचाच्या वर गेले तर त्यात उसना रुपयाही घालायचा नाही. चौपट देणाऱ्या त्या रिलेशनशिप मॅनेजरलाही हाच प्रश्न विचार. तो बहुधा व्याजदर कमी करून देतो म्हणेल. बाबांनी भोसरीचं वर्कशॉप विकून आणलेला पैसा आहे, मला तोंडी उत्तर नको. रविवारपर्यंत आकडे पाठव, मग बोलू.

तुझे काका